बधिर ओठ आणि फेन्टोलामिन

किडका दांत भरून घेऊन घरीं परतलेलें मूल गंमत म्हणून खालचा ओठ चघळूं लागतें, आणि सायंकाळीं आईला तो सुजलेला व रक्ताळलेला आढळतो. चावतांना मुलाला वेदना कळलेलीच नसते. दांताचें काम अर्ध्या-पाऊण तासांत आटोपतें. ओठ मात्र तीन ते पांच तास बधिर राहतो. असें कां व्हावें?

टोचलेल्या लिडोकेनमध्यें बहुधा थोडें अ‍ॅड्रिनलिन मिसळलेलें असतें. त्यानें तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि औषध मज्जातंतूपाशींच मुक्काम ठोकतें. काम चालूं असतां दंतवैद्यास हेंच हवें असतें.

फेन्टोलामिन हें औषध बधिरतेशीं झगडत नाहीं. काम संपल्यावर तें त्याच जागीं टोचलें असतां वाहिन्या पुन्हां मोकळ्या होतात, आणि रक्तच लिडोकेनला वाहून नेतें. अमेरिकेंत २००८ सालीं त्यास मान्यता मिळाली. चांचणींत निम्म्या रोग्यांचा खालचा ओठ ७० मिनिटांत पूर्ववत् झाला. औषध न दिलेल्यांपैकीं निम्म्यांस १५५ मिनिटें लागलीं. अर्थात् दुसरी सुई कोणास आवडणार! शिवाय दांत उपटल्यावर बधिरता हीच रोग्याची सोबतीण असते. तीन वर्षांखालील बालकांस व हृदयविकार असलेल्यांस याबाबत सावधगिरी हवी.

औषध न घेतल्यास संवेदना परतेपर्यंत कढत चहा वर्ज्य करावा व मुलावर नजर ठेवावी. दुसऱ्या दिवशींहि ओठ बधिरच असेल, तर मज्जातंतूस इजा झाल्याचा संभव असतो. तेथें फेन्टोलामिन निरुपयोगी; दंतवैद्यास विनाविलंब कळवावें.