पुस्तकाच्या कोपऱ्यातला काळा-पांढरा चौकोन

गृहपाठाची वही उघडलीत आणि पहिल्याच उदाहरणाला गाडी अडली, असं कधी झालंय? आई कामावर, ताई क्लासला. मग विचारायचं कुणाला? आमच्या सोलापुरात तर आणखी एक पंचाईत. शाळेत मराठी, पण कितीतरी घरांत कन्नड नाहीतर तेलुगू!

ही पंचाईत आपल्याच जिल्ह्यातल्या एका गुरुजींनी ओळखली. रणजितसिंह डिसले त्यांचं नाव. २००९ साली ते माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत आले, तेव्हा शाळेची इमारत पार मोडकळीला आली होती. एका बाजूला गुरांचा गोठा, दुसरीकडे कोठार! तिथल्या मुलींची घरची भाषा कन्नड. सरांनी ती शिकून घेतली, पुस्तकांचं भाषांतर केलं आणि त्यांत क्यूआर कोड बसवले. कोडवर मोबाइल धरायचा, की कविता ऐकू येते, धडा पडद्यावर दिसतो, स्वाध्यायही मिळतो. २०१७ साली राज्यातल्या सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड घालायचं ठरलं. २०२० साली डिसले सरांना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली!

आता गंमत ऐका. त्या चौकोनात धडा नसतोच मुळी! असतो तो फक्त पत्ता, पोस्टाच्या पाकिटावर असतो ना, तसा. मोबाइल तो वाचतो आणि इंटरनेटवरून धडा आणतो. म्हणून पत्ता तोच ठेवून मागचा धडा बदलता येतो, पुस्तक पुन्हा छापावं लागत नाही. हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत तयार झाला, तोही मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. गृहपाठाचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात असणार!

पालकांनाही एक सांगते. माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी एकच मोबाइल आहे आणि तो घेऊन बाबा रात्री आठला येतात. तोवर मुलाचे डोळे मिटायला लागलेले. त्या घरी कोड असून नसल्यासारखाच. रोज अर्धा तास मोबाइल गृहपाठासाठी मोकळा ठेवता येईल का? मात्र शेजारी बसा हं. धडा पाहता पाहता गेम कधी सुरू होतो, ते आपल्याला कळतसुद्धा नाही.

आणि मुलांनो, एक प्रयोग करा. कोडाच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन दिसतील. त्यांवरून मोबाइलला कोड सापडतो आणि त्याची सरळ-उलटी बाजू कळते. आधी कोडाच्या मधोमध तांदळाचा एक दाणा ठेवून पाहा. बहुधा कोड चालेल, कारण थोडा भाग झाकला तरी उरलेल्यावरून हरवलेला मजकूर भरून काढायची सोय त्यात असते. सर्वांत भक्कम प्रकारात तर जवळजवळ ३० टक्के नुकसान चालतं. मग दाणा उचला आणि कोपऱ्यातला एक मोठा चौकोन बोटाने पूर्ण झाका. आता काय होतं, ते मला कळवा.