हजार डॉलरचे भाकीत

29 डिसेंबर 1999. न्यूयॉर्कच्या 'पेनवेबर' या दलाली पेढीतल्या एका विश्लेषकाने क्वालकॉमच्या शेअरचा वर्षभराचा लक्ष्यभाव जाहीर केला : हजार डॉलर. त्या एका अहवालावर शेअर दिवसभरात 156 डॉलरने उसळला आणि 659 वर बंद झाला. त्याच आठवड्यात एका शेअरचे चार झाले, त्यामुळे वर्ष संपताना भाव दिसत होता 176 डॉलर. वर्षभरातली वाढ 2,600 टक्क्यांच्या वर. जानेवारीत ज्याने लाखभर गुंतवले, त्याचे डिसेंबरअखेर सत्तावीस लाख झाले होते.

एवढा भरवसा हवेतून आलेला नव्हता. अर्विन जेकब्ज आणि अँड्र्यू व्हिटर्बी या दोन अभियंता-प्राध्यापकांनी काही सहकाऱ्यांसह 1985 मध्ये सॅन डिएगोत ही कंपनी काढली. तेव्हाच्या डिजिटल मोबाइलचा रिवाज असा होता, की प्रत्येक संभाषणाला वेळेचा स्वतंत्र तुकडा द्यायचा. युरोपचे जीएसएम याच वाटेने गेले. क्वालकॉम म्हणत होती, सगळ्यांनी एकाच पट्ट्यात एकाच वेळी बोलावे. प्रत्येक संभाषणावर वेगळा सांकेतिक क्रम चढवावा आणि मनोऱ्याने त्या क्रमावरून ज्याचे बोलणे त्याला वेगळे काढावे. हेच सीडीएमए.

कागदावर हे झकास होते. प्रत्यक्षात मनोऱ्याखाली उभ्या असलेल्याचा फोन चार किलोमीटरवरच्या फोनचा आवाज बुडवून टाकणार, हे उघड होते. त्यावर तोडगा असा काढला : मनोरा प्रत्येक फोनला सेकंदाला 800 वेळा हुकूम सोडतो, 'शक्ती वाढव' किंवा 'कमी कर'. जवळचा फोन कुजबुजतो, लांबचा जोर लावतो आणि मनोऱ्यापाशी सगळे सारख्याच ताकदीने पोचतात. हे जमणारच नाही, असे जाणकार छातीठोकपणे सांगत होते. ते जमले, आणि माझ्या मते क्वालकॉमची खरी कमाई हीच.

पण विकायचे कुणाला? युरोपने जीएसएम ठरवून दार लावून घेतले होते. कंपनीला तारले ते दक्षिण कोरियाने. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेशी 1991 मध्ये करार झाला आणि 1996 च्या जानेवारीत तिथे सेवा सुरू झाली. सॅमसंग, एलजी हे सीडीएमए फोन बनवू लागले. प्रत्येक फोनमागे क्वालकॉमला दुहेरी मिळकत : आतली चिप तिची आणि वर घाऊक किमतीवर काही टक्के रॉयल्टी. मार्च 1999 मध्ये एरिक्सनशी चाललेला पेटंटचा जुना तंटा मिटला, एरिक्सनने क्वालकॉमचा नेटवर्क-सामग्रीचा धंदाच विकत घेतला. तिसऱ्या पिढीचे मोबाइल जगभर सीडीएमएवरच चालणार, हेही स्पष्ट झाले. थोड्याच महिन्यांत फोन बनवण्याचा विभाग जपानच्या क्योसेराकडे गेला. कारखान्यांचे ओझे उतरले, उरल्या चिपा आणि पेटंट. त्यात भर म्हणून चीन खुणावत होता.

इथपर्यंत आशावाद्यांचा हिशेब चोख होता. चुकले ते मोल. 1999 च्या आर्थिक वर्षात कंपनीचा महसूल चार अब्ज डॉलरपेक्षा थोडा कमी होता आणि बाजार तिची किंमत शंभर अब्जांच्या वर लावत होता. म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांची भरभराट आधीच भावात वसूल झालेली.

आणि परदेशातली वाढ ही परदेशातल्या सरकारांच्या मर्जीवर असते. फेब्रुवारी 2000 मध्ये चायना युनिकॉमशी करार झाल्याची बातमी आली. पुढे चीनने हात आखडता घेतला आणि सेवा सुरू व्हायला 2002 उजाडले. जून 2000 मध्ये कोरियाने फोनच्या किमतीवर कंपन्यांकडून मिळणाऱ्या सवलतींवर बंदी घातली. ग्राहकाला फोन महाग पडू लागला, खप घसरला, चिपांची मागणी आटली. सोलमधला एक सरकारी आदेश सॅन डिएगोतल्या ताळेबंदात उमटला. मार्चपासून नॅसडॅकही कोसळत होताच. 2002 च्या उन्हाळ्यात क्वालकॉमचा शेअर पंचवीस डॉलरच्या आसपास लोळत होता.

भारताची पाळी नंतर आली, आणि ती सुरू झाली नवी मुंबईतून. कोपरखैरण्याच्या संकुलातून रिलायन्स इन्फोकॉमने डिसेंबर 2002 मध्ये सीडीएमए सेवेची घोषणा केली. पुढच्या पावसाळ्यात 501 रुपये भरून फोन घरी न्या, अशी 'मान्सून हंगामा' योजना आली आणि ज्यांच्या घरात तोवर साधा लँडलाइनही नव्हता, त्यांच्या हाती मोबाइल आला. टाटा इंडिकॉमही याच तंत्रावर चालत होती. ग्राहक झपाट्याने वाढले. पण फोन स्वस्त, म्हणून त्यावरची टक्केवारीतली रॉयल्टीही थोडी. शिवाय तीही जास्त आहे, अशी इथल्या कंपन्यांची तक्रार. 2008-09 च्या सुमारास रिलायन्स आणि टाटा दोघीही जीएसएमकडे वळल्या. ग्राहकसंख्येच्या आलेखावर भाळलेल्या गुंतवणूकदाराला ही बाजू दिसत नव्हती.

क्वालकॉम बुडाली नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. तिसरी पिढी तिच्याच पायावर उभी राहिली, स्मार्टफोनमधल्या तिच्या चिपा जगभर पसरल्या. 2019 मध्ये तिचा महसूल 24 अब्ज डॉलरवर होता, 1999 च्या सहापट. पण शेअर-विभाजनाचा हिशेब धरला, तर 1999 अखेरच्या भावाशी शेअर पुन्हा बरोबरी करू लागला तो त्याच 2019 मध्ये. मधल्या काळात 2003 पासून लाभांश मिळाला, तेवढाच हातभार.

आज 5जीच्या उपकरणांचे परदेशी ठेके मिळाल्याच्या बातम्यांवर शेअर धावतात, तेव्हा वाचकांनी ठेक्याच्या रकमेआधी दोन गोष्टी वार्षिक अहवालात शोधाव्यात : एकूण विक्रीतला किती वाटा एकाच ग्राहकावर किंवा एकाच देशावर टेकला आहे, आणि बाजार त्या विक्रीच्या किती पट किंमत आजच मागतो आहे.