हप्ता कापला, विमा मात्र नाही

'बेकारी भत्ता' म्हटलं की आपल्याला सरकारी मदत आठवते. अमेरिकेत मात्र तो विमा आहे. कामगाराच्या पगारावर मालक कर भरतो आणि नोकरी गेली की त्या निधीतून काही आठवडे पैसे मिळतात. न्यू जर्सीत तर खुद्द कामगाराच्या पगारातूनही कपात होते. एडिसनमधल्या एखाद्या मराठी इंजिनीअरची पगाराची स्लिप पाहा. फेडरल टॅक्स, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर आणि खाली 'एनजे यूआय' अशी बारीकशी ओळ. पगाराच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी रक्कम. पण ती कापताना व्हिसा कोणता, हे कोणी विचारत नाही.

विचारतात ते नोकरी गेल्यावर.

कोविडमुळे एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतली बेकारी १४.७ टक्क्यांवर गेली. मार्चअखेरच्या 'केअर्स' कायद्याने राज्यांच्या भत्त्यात आठवड्याला ६०० डॉलरची भर घातली. पण हे पैसे कोणाला, ते जुन्याच दोन कसोट्यांवर ठरलं. आधीचा पगार कायदेशीर परवान्यावर कमावला होता का? आणि उद्या काम मिळालं तर लगेच रुजू होता येईल का? ग्रीनकार्डवाला दोन्हींत बसतो. कागदपत्रं नसलेला पहिलीतच बाद होतो, मग तो वीस वर्षं हॉटेलात भांडी घासत असला तरी. न्यूयॉर्क राज्याने २०२१ मध्ये अशांसाठी २.१ अब्ज डॉलरचा वेगळा निधी उभारला, तो म्हणूनच.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेला अडतो दुसऱ्या कसोटीवर. त्याचा परवाना एका कंपनीतल्या एका कामापुरता. नोकरी गेली की तो कामासाठी 'उपलब्ध' नाही, असाच अर्थ राज्यं साधारणपणे लावतात. त्याच घरात बायकोकडे एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावरचा, कुठेही काम करू देणारा खुला परवाना असेल आणि तिची नोकरी गेली, तर तिला भत्ता मिळू शकतो. पण तिचा परवानाही नवऱ्याच्या व्हिसावरच उभा.

मला हा अन्याय वाटतो. नोकरी गेल्यावर एच-वन-बीवाल्याला फार तर ६० दिवस राहता येतं. या मुदतीत नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की तो लगेच कामाला लागू शकतो. मग निदान तेवढे दिवस तरी त्याला 'उपलब्ध' मानायला काय हरकत आहे?

ग्रीनकार्डाच्या रांगेतले पात्र लोकही भत्त्याला हात लावायला घाबरतात. आपल्यावर 'सरकारवर भार' असा शिक्का बसेल, ही धास्ती. तसं नाही. हा भत्ता कामातून कमावलेला हक्क आहे, तो त्या हिशेबात धरला जात नाही, असं तिथल्या इमिग्रेशन खात्यानेच सांगितलेलं आहे.

२०२० मध्ये तर नोकरी गेलेल्याला मायदेशी परतायलाही वाट नव्हती. भारताने मार्चमध्येच आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबवली होती. ७ मे रोजी परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणणारी 'वंदे भारत'ची विमानं सुरू झाली, पण आईवडील भारतीय आणि मूल अमेरिकेत जन्मलेलं, अशी कुटुंबं विमानतळावरच अडकली. आईवडिलांना जागा होती. अमेरिकी पासपोर्टच्या तान्ह्याला प्रवेश नव्हता, कारण परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावरचा प्रवास भारताने स्थगित केला होता. अशा ओसीआयधारक मुलांसाठी सूट निघाली २२ मे रोजी. १ एप्रिलला नोकरी गेलेल्या बापाच्या ६० दिवसांतले ५१ तोवर संपले होते.