फाशीच्या डोंगरावरची देवराई

सातपूर म्हटलं की नाशिककराला आठवतात कारखाने आणि पाळी सुटल्यावरची गर्दी. त्याच सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर देशी झाडांचं रान उभं राहिलंय, हे बाहेरगावच्या पाहुण्याला सांगून पटत नाही.

५ जून २०१५ रोजी ‘आपलं पर्यावरण’ संस्थेच्या हाकेला ओ देऊन हजारो नाशिककर इथे जमले आणि वनखात्याच्या उजाड जमिनीवर एका दिवसात ११ हजार रोपं लागली. असे विक्रम आपल्याकडे दर पावसाळ्यात होतात. दिवाळीपर्यंत त्यातलं किती उरतं, हे सांगायला नको. इथली रोपं जगली ती पुढच्या उन्हाळ्यांत. स्वयंसेवक पाणी घालत राहिले, आळी करत राहिले, वणव्यांशी झुंजत राहिले.

गिरिपुष्प लावलं असतं तर डोंगर लवकर हिरवा झाला असता, पण आपल्याकडच्या पाखरांना त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून मोह, पळस, बेहडा, अर्जुन, काटेसावर, कुसुम अशी इथल्या मातीतली झाडं निवडली. कुसुम पाहावा तो चैत्रात. लांबून वाटतं, झाड फुललंय. जवळ गेल्यावर कळतं, ही तर कोवळी लालबुंद पालवी. थोड्याच दिवसांत ती हिरवी होते आणि कालचं झाड ओळखू येत नाही.

जुन्या देवराईत देवाच्या धाकाने कुऱ्हाड चालत नाही. हे रान माणसांनी लावलेलं. धाक असलाच तर त्यांचाच. तशी झाडांची पुण्याई नाशिकला नवी नाही. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात गायी आणि धर्मशाळांबरोबर नारळाच्या ३२ हजार झाडांचंही दान नोंदलंय. आणि अलीकडेच सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायची म्हटल्यावर याच शहरातली माणसं रस्त्यावर उतरली.

पळस आणि काटेसावर फुललेली पाहायची तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढायच्या आत जा. पाण्याची बाटली न्या आणि रिकामी झाली तरी परत आणा. काडीपेटी मात्र घरीच ठेवा. शिमग्यानंतर डोंगरावरचं वाळलेलं गवत एका ठिणगीने पेटतं.