एन्नोरचा भराव

चेन्नईच्या उत्तर टोकाला कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते. तिथल्या जमिनीला एकच एक रूप नाही. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल, उन्हाळ्यात मिठागरे आणि ऑक्टोबरनंतरच्या पावसात पुन्हा चहूकडे पाणी. कोकणातला माणूस तिला बघताक्षणी खाजण म्हणेल. कंबरभर पाण्यात उभे राहून हाताने कोळंबी पकडणारी माणसे, पाळीपाळीने जाळी लावणारे मच्छीमार, मिठागरांत राबणारे मजूर, अशी कितीतरी घरे या जमिनीने पोसली. विकासाच्या आराखड्यात मात्र ती पडीक ठरली. पडीक म्हटले की बांधकामासाठी जमीन 'तयार' करणे ओघाने आलेच. एन्नोरमध्ये ही तयारी टप्प्याटप्प्याने कशी होत गेली, ते एकदा सलग पाहायला हवे.

इथे माणसाने पहिला मोठा हात घातला तो 1806 मध्ये. बेझिल कॉक्रेन या व्यापाऱ्याने मद्रासहून एन्नोरपर्यंत कालवा काढला. पुढे तो वाढत गेला, 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळात पोटासाठी आलेल्या मजुरांकडून त्याचे आणखी काम करून घेतले गेले आणि गव्हर्नरच्या नावावरून तो बकिंगहॅम कालवा झाला. कालवा भरती-ओहोटीवर चालत होता. त्याने खाडी खणली, पण बुजवली नाही. पुढच्या कामांत हा फरक राहिला नाही.

स्वातंत्र्यानंतर कारखाने आले. 1948 मध्ये स्थापन झालेल्या अशोक मोटर्सचा, म्हणजे पुढच्या अशोक लेलँडचा, मोटारकारखाना एन्नोरला उभा राहिला. पाठोपाठ खताचा कारखाना आला, 1969 मध्ये शेजारच्या मणलीत तेलशुद्धीकरण सुरू झाले. 1970 पासून एन्नोर औष्णिक वीज केंद्राचे संच चालू झाले आणि खाडीच्या वाट्याला राख आली.

ओलसर जमीन बांधकामाला योग्य कशी करतात, हे इथे समजून घ्यावे लागते. आधी भोवती बांध घालतात. मग आत भराव ओततात: मुरूम, नाहीतर समुद्रतळातून उपसलेली, पाण्यात कालवून नळाने आणलेली वाळू. पाणी निथळू देतात. खालचा गाळ मऊ असेल तर तो वर्षानुवर्षे खचत राहतो, म्हणून वरून जादा मातीचा भार देऊन आणि गाळात उभ्या निचरा-पट्ट्या घालून त्यातले पाणी मुद्दाम पिळून काढतात. मग दबाई, मग पाया. जमीन किती भार पेलेल हे या कामात बारकाईने तपासले जाते. जे पाणी तिथून हटवले ते पुढे कुठे जाणार, हे त्या तपासणीत क्वचितच येते. एन्नोरची सारी कहाणी या एका अनुत्तरित प्रश्नाची आहे.

1994 मध्ये उत्तर चेन्नई औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. त्याची राख पाण्यात कालवून नळांवाटे सेप्पाक्कम गावाजवळच्या राखतळ्यात सोडली जाऊ लागली. नळ ठिकठिकाणी फुटले, गळले आणि राख नदीच्या पात्रात साचत गेली. तळ सिमेंटसारखा थर धरू लागला, खोली कमी झाली, कोळंबीची जागा गेली. सेप्पाक्कमचे लोक आपले गाव दुसरीकडे हलवा म्हणून मागणी करत राहिले. आणि पुढे काय झाले? त्याच केंद्राच्या राखतळ्याच्या जागेवर एन्नोर सेझचा 1320 मेगावॅटचा नवा वीज प्रकल्प आखला गेला. आधी कचरा टाकायला जागा, मग कचऱ्याने भरली म्हणून बांधायला जागा. पाणथळ जमीन हातची जाण्याचा याहून सरळ रस्ता मला तरी दुसरा दिसत नाही.

2001 मध्ये एन्नोर बंदर सुरू झाले, मुख्यतः या केंद्रांना कोळसा पुरवण्यासाठी. 2014 मध्ये त्याला कामराजांचे नाव मिळाले. उत्तरेला काट्टुपळ्ळीचे बंदर 2012 मध्ये आले, त्याच सुमारास वल्लूरचे 1500 मेगावॅटचे केंद्रही. बंदर म्हटले की गोदी खोल करणे आले, आणि उपसलेली वाळू टाकायला जागा लागते. ती जवळच्या पाणथळीत पडू लागली, तेव्हा मच्छीमार रस्त्यावर उतरले.

त्यांच्या हातात एक नकाशा होता. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार तमिळनाडूच्या किनाऱ्याच्या आराखड्याला 1996 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली होती, आणि त्यात एन्नोरची खाडी स्पष्ट दाखवलेली होती. नंतर फिरू लागलेल्या दुसऱ्या नकाशात तिचा मोठा भाग नव्हताच. 2017 मध्ये हा वाद उघड्यावर आला. त्याच वर्षाच्या जानेवारीत गायक टी. एम. कृष्णा यांनी एन्नोरच्या काठावर 'चेन्नई पोरंबोक पाडल' हे गाणे गायले (पोरंबोक म्हणजे सर्वांची सामाईक जमीन), ऑक्टोबरमध्ये कमल हासन खाडी बघून गेले. जुने एन्नोर वीज केंद्र त्या मार्चअखेर बंद झाले. भराव जागच्या जागी राहिला.

त्याआधीच पाण्याने आपला हिशेब मांडला होता. कोसस्थलैयारवर पूंडीचे धरण आहे. 2015 च्या महापुरात तिथून सोडलेल्या पाण्याला समुद्राकडे जायला एन्नोरचेच तोंड होते. पुढे डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात मणलीच्या तेलशुद्धीकरण परिसरातून तेल वाहून बकिंगहॅम कालव्यात आणि तिथून खाडीत आले. होड्या, जाळी, घरांच्या भिंती काळ्या झाल्या. महिना संपण्याआधीच, 26 डिसेंबरच्या रात्री, खताच्या कारखान्याच्या समुद्रातल्या नळातून अमोनिया गळला आणि लोकांना मध्यरात्री घरे सोडून पळावे लागले.

हे मुंबईकराला परके वाटू नये. वांद्रे-कुर्ला संकुल मिठी नदीच्या खाजणावर भराव घालून उभे राहिले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. एवढा पाऊस कुठल्याही शहराला जड गेला असता, हे खरे. पण नदीला पसरायला जी जागा होती ती आपणच आधी संपवली होती. एन्नोरमध्ये वेगळे एवढेच, की तिथला भराव गरिबांच्या कामाच्या जागेवर पडला आणि त्यावर उभ्या राहिलेल्या विजेचा लाभ साऱ्या शहराला झाला.

2022 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या दक्षिण खंडपीठाने राखेच्या प्रदूषणाबद्दल वीज मंडळाला जबाबदार धरले आणि खाडी पूर्ववत करण्याचे आदेश दिले. त्या आदेशांची पूर्ण अंमलबजावणी व्हावी, आणि यापुढे एन्नोरमध्ये भरावाचा कोणताही प्रस्ताव आला तर तो आधी 1996 च्या नकाशावर ठेवून तपासावा. नकाशात जिथे खाडी आहे, तिथे मातीचा एकही ट्रक रिकामा होता कामा नये.