हस्तकलेची जत्रा निवडायची कशी?

थंडी पडली की चौकाचौकात ‘हँडिक्राफ्ट प्रदर्शन’चे बॅनर लागतात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तीच होलसेलची कानातली आणि त्याच बेडशीट. मग आपला शनिवार घालवायचा कुठे?

माझी चाळणी एकच: स्टॉलवर बसलेला माणूस वस्तू करतो, की नुसती विकतो? पुण्याची भीमथडी किंवा मुंबईचं महालक्ष्मी सरस घ्या. तिथे बचत गटांच्या बायका स्वतः येतात. “ताई, हे कसं केलंत?” विचारलं की गप्पा सुरू. (खाण्याचे स्टॉल हा वेगळा एपिसोड, रिकाम्या पोटी जा, एवढंच सांगतो.) फेब्रुवारीत दिल्लीकडे असाल तर फरीदाबादचा सूरजकुंड मेळा, १९८७ पासूनचा. पसारा प्रचंड, अख्खा दिवस ठेवा.

गेल्यावर वस्तू उलटून बघा. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर मागूनही जवळपास तसाच दिसतो. मशीनच्या साडीत मागे सुटे धागे दिसतात. ठशांच्या छपाईत जोड कुठेतरी किंचित सरकलेला असतो. फारच काटेकोर असेल तर स्क्रीन प्रिंटची शंका घ्या. हातमागाच्या भावाने पॉवरलूम खपलं, की आपले पैसे जातातच, पण खऱ्या विणकराचं गिऱ्हाईकही जातं.

शक्यतो मधल्या वारी दुपारी जा. रविवारी संध्याकाळी कारागिराला मान वर करायला फुरसत नसते. आणि एक प्रश्न नक्की विचारा: “अशीच ऑर्डर दिली तर किती दिवस लागतील?” करणारा दिवस मोजायला लागतो. विकणारा म्हणतो, “कलर सांगा, गोडाऊनमध्ये आहे.”