स्पीकर का रुसला?

भिलाईत आमच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये, बाहेरच्या खोलीत, एक लहानसा ब्लूटूथ स्पीकर आहे. सकाळी बातम्या, संध्याकाळी गाणं, एवढीच त्याची नोकरी. दिवाळीत नागपूरहून भाचा आला. त्यानं माझ्या लॅपटॉपवर लिनक्सच्या शेजारी विंडोजही टाकून दिलं, तोच स्पीकर लावून दोन पिक्चर पाहिले आणि भाऊबीज आटोपून गेला. त्यानंतर लिनक्समधून स्पीकर काही जोडला जाईना. पडद्यावरचं बटण दाबलं की गोल चक्र फिरायचं आणि उत्तर यायचं: कनेक्ट झालं नाही. का नाही झालं, हे बटण सांगत नाही.

मग टर्मिनल उघडलं. काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची म्हटलं की बरेच जण दचकतात, पण ब्लूटूथच्या बाबतीत ती बटणापेक्षा जास्त बोलकी आहे.

पहिली कमांड आरएफकिल लिस्ट. (या कमांडा टाइप करायच्या त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत.) लॅपटॉपमधल्या वायफाय, ब्लूटूथ अशा प्रत्येक रेडिओपुढे ती दोन ओळी दाखवते: सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड. सॉफ्ट म्हणजे सॉफ्टवेअरनं बंद केलेला. तो ‘आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ’ म्हटलं की सुटतो. हार्ड म्हणजे लॅपटॉपच्या कडेचा खटका किंवा तशीच एखादी कळ. तिथे कितीही टाइप करा, बोटानं खटका सरकवल्याशिवाय गत्यंतर नाही. माझ्याकडे दोन्हीपुढे ‘नो’ होतं. रेडिओ ठीक होता.

दुसरी कमांड ब्लूटूथसीटीएल. लिनक्समध्ये ब्लूटूथचा सगळा कारभार ब्लूझी नावाचा सॉफ्टवेअर-संच पाहतो. क्वालकॉममधल्या मॅक्सिम क्रास्न्यान्स्की यांनी त्याची सुरुवात केली आणि 2001 मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात आला. ब्लूटूथसीटीएल ही त्याच्याशी बोलायची खिडकी. जुन्या पुस्तकांत एचसीआयटूल, एचसीआयकॉन्फिग अशी नावं सापडतील. 2017 पासून ती मोडीत काढली आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

आत शिरून ‘पॉवर ऑन’ आणि मग ‘स्कॅन ऑन’ म्हटलं की आसपासची यंत्रं एकेक करून पडद्यावर उतरू लागतात. प्रत्येकाचा 48 बिटांचा पत्ता, आकडे-अक्षरांच्या सहा जोड्यांत, आणि पुढे नाव. शेजाऱ्यांचा टीव्ही, कुणाचं घड्याळ, कुणाचे इअरफोन. आपल्या भिंतीपलीकडे इतकी यंत्रं सतत आपलं नाव पुकारत असतात, हे तेव्हा कळतं.

नावांवरून एक गंमत. ही नावं यूटीएफ-8 पद्धतीनं साठवली जातात, म्हणजे यंत्राचं नाव देवनागरीतही ठेवता येतं. ‘सिस्टम-एलियस’ ही कमांड त्यासाठीच. पण रोमन अक्षराला एक बाइट लागतो तिथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, वेलांटी, हलंत यांचे तीन-तीन वेगळे. जुन्या धाटणीच्या ब्लूटूथमध्ये नावाला 248 बाइट मिळतात, म्हणजे 82 चिन्हं; हवं तर आख्खा पत्ता लिहा. घड्याळं आणि सेन्सर वापरतात ते कमी ऊर्जेचं ब्लूटूथ मात्र कंजूष. त्याच्या साध्या पुकाऱ्यात एकूण 31 बाइट असतात. त्यातले 3 यंत्राची जात सांगण्यात आणि 2 नावाच्या वेष्टनात गेले की उरतात 26. ‘भिलाई’ 15 बाइटांत सुखानं बसते. ‘छत्तीसगड’ 24 मध्ये जेमतेम मावतं. ‘महाराष्ट्र’ला मात्र जोडाक्षरांपायी 30 लागतात, त्यामुळे ते एका पुकाऱ्यात मावतच नाही. नाव तोडून पाठवावं लागतं किंवा दुसऱ्या पुडीत घालावं लागतं. यंत्र घडवणाऱ्यानं हा हिशेब केला नसेल तर फोनवर अर्धवट नाव नाहीतर रिकाम्या चौकटी दिसतात. भिलाईचा पोलाद कारखाना उभारायचं ठरलं तेव्हा, 1955 साली, हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. नागपूर महाराष्ट्रात आणि भिलाई छत्तीसगडात, ही वाटणी पुढे झाली. बाइटांच्या हिशेबात छत्तीसगड फायद्यात राहिलं, एवढं खरं.

स्पीकरचं बटण दाबून धरून त्याला पेअरिंगला लावला, तर यादीत तोही आला. पुढे आरएसएसआय नावाचा एक उणे आकडा होता, उणे 52. आपल्यापर्यंत पोचलेल्या लहरींची ही ताकद, आणि उणे आकडा जितका मोठा तितकी ती क्षीण. दर 10 ला ताकद दहा पटींनी घटते. स्पीकर उचलून लोखंडी कपाटामागे ठेवला, तर आकडा उणे 72 वर गेला. शंभरपट घट, एका कपाटानं. लोखंड या लहरी परतवून लावतं आणि आपल्या अंगातलं पाणी त्या शोषून घेतं. म्हणून फोनकडे पाठ करून बसलं तरी इअरफोन अडखळतात. स्पीकर, इअरफोन यांसारख्या यंत्रांतला रेडिओ बहुधा अडीच मिलिवॉटच्या आसपासचा, दहा मीटरच्या हिशेबानं बनवलेला. त्याहून थोरल्या वर्गाची मजल साधारण शंभर मीटर. आमच्या कारखान्यात लाटला जाणारा एक अखंड रूळ 130 मीटर असतो. त्याच्या या टोकाला उभ्या माणसाची हाक त्या थोरल्या वर्गाच्या ब्लूटूथलाही पलीकडे पोचवणं कठीण.

इतक्या दुबळ्या आवाजात बोलणं जमतं ते जागा बदलत राहण्यामुळे. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या ज्या पट्ट्यात ब्लूटूथ बोलतं, तिथे वायफायही आहे आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही. आपल्याकडे तो 2005 च्या नियमांनी कमी ताकदीच्या यंत्रांना परवान्याशिवाय खुला झाला, तेव्हा गर्दी असणारच. जुन्या धाटणीचं ब्लूटूथ या पट्ट्याचे 79 कप्पे करतं आणि सेकंदाला 1600 वेळा कप्पा बदलतं. भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात दोघांनी आधीच ठरवून, दर पावलाला गल्ली बदलत, एकमेकांना न चुकवता चालावं तसं. वायफायनं अडवलेल्या गल्ल्या टाळायचं शहाणपण त्याला 2003 मध्ये आलं.

म्हणजे रेडिओ चालू, स्पीकर जवळ, ताकद भरपूर. तरी ‘कनेक्ट’ म्हटलं की नकारच.

इथे तीन शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे, कारण बटण तिन्ही कामं एकाच दाबात करतं आणि कुठलं अडलं ते कळू देत नाही. ‘पेअर’ म्हणजे दोन यंत्रांनी मिळून एक गुप्त किल्ली ठरवणं आणि आपापल्याकडे जपून ठेवणं. ‘ट्रस्ट’ म्हणजे हा पाहुणा दर खेपेला परवानगी न मागता आत येऊ शकतो, असं सांगून ठेवणं. ‘कनेक्ट’ म्हणजे त्याचं प्रत्यक्ष येणं. ‘इन्फो’ विचारलं तर माझ्या स्पीकरपुढे पेअर्ड येस, ट्रस्टेड येस, कनेक्टेड नो, असा निकाल होता.

शेवटी दुसऱ्या खिडकीत ‘बीटीमॉन’ लावलं. ही कमांड संगणक आणि त्याच्या ब्लूटूथ चिपमधला संवाद शब्दशः उतरवून दाखवते. संगणकाच्या मालकाचे सगळे अधिकार असल्याशिवाय चालत नाही, म्हणून आधी ‘सुडो’ लावायचं. पुन्हा ‘कनेक्ट’ म्हटलं. भराभर ओळी धावल्या आणि त्यांत एक होती: ऑथेंटिकेशन फेल्युअर. ओळख पटली नाही.

आता उलगडलं. स्पीकर लॅपटॉपला ओळखतो तो चिपच्या पत्त्यावरून, आणि विंडोज असो की लिनक्स, चिप एकच, पत्ता एकच. भाच्यानं विंडोजमधून पेअर केलं तेव्हा स्पीकरनं त्या पत्त्यापुढची जुनी किल्ली पुसून नवी लिहिली. नवी किल्ली विंडोजच्या कपाटात राहिली. लिनक्स बिचारं जुनीच किल्ली कुलपात फिरवत होतं.

उपाय सोपा. ‘रिमूव्ह’ आणि स्पीकरचा पत्ता टाइप करून जुनी ओळख पुसली, मग ‘पेअर’, ‘ट्रस्ट’, ‘कनेक्ट’. अर्ध्या मिनिटात गाणं सुरू. तुमचाही एखादा कीबोर्ड किंवा हेडफोन असाच अडून बसला असेल, तर दुकानात नेण्याआधी एवढं करून पाहा.

फक्त आता नवी किल्ली लिनक्सकडे आहे. पुढच्या दिवाळीत भाचा विंडोज लावेल, तेव्हा स्पीकर त्याला ओळखणार नाही.